त्याला पालथा घालू नकोस

दहिवडी,
रात्रीचे साडेअकरा

प्रिय दत्ता,

परवा तुझा फोन आला तेव्हा मी पेशंट सोडून गाडीतून परत येत होतो. पायलट, म्हणजे गाडीचा ड्रायव्हर, शेजारी होता, त्यामुळे मोकळं बोलता आलं नाही. त्या चवताळलेल्या मनोरुग्ण पोराला दवाखान्यात नेलं त्याबद्दल तू म्हणालास, "चार माणसं लागली त्याला चऱ्हाटानं बांधायला, आणि त्याची आई हातात त्याच्या चपला घेऊन गाडीमागं पळत होती." मग बराच वेळ तू गप्पच होतास. फौजदार होऊन तुला दीड वर्ष झालं. मारामाऱ्या, अपघात, पंचनामे, सगळं सांगतोस, पण तुझा आवाज असा कधी ऐकला नव्हता. शेवटी विचारलंस, "मी काय वेगळं करायला हवं होतं?"

आज सुट्टी आहे, म्हणून सविस्तर लिहितो. लांबेल, पण वाच.

आधी माझीच गोष्ट सांगतो. तुला कधी सांगितली नाही, कारण सांगायची लाज वाटायची. १०८वर येण्याआधी मी वर्षभर एका खासगी दवाखान्याच्या ॲम्ब्युलन्सवर होतो. एका सकाळी कॉल आला, पन्नाशीचा माणूस अचानक वेडा झालाय, बायकोवर हात उचललाय. गेलो तर अंगणात सहाजण त्याच्यावर ओणवे झाले होते. कुणी म्हणत होतं बाहेरचं झालंय, कुणी म्हणत होतं दारू उतरलेली नाही. मीही विचार केला नाही. टॉवेलनं हात पाठीमागं बांधले, स्ट्रेचरवर पालथा घातला आणि उठू नये म्हणून त्याच्या भावानं पाठीवर गुडघा दिला. तो ओरडत होता, "सोडा, जीव गुदमरतोय." मी मनात म्हटलं, ओरडतोय म्हणजे श्वास चाललाय.

मग तो शांत झाला. भाऊ म्हणाला, "झोपला वाटतं." खरं सांगतो दत्ता, मलाही हायसं वाटलं. गाडी खड्ड्यात आदळली आणि माझी नजर त्याच्या कानावर गेली. तोंड खाली होतं, ओठ दिसतच नव्हते. कान जांभळा पडला होता. त्याला उताणा केला, हात सोडले, बॅग-मास्क लावून फुग्यानं हवा दिली. नशिबानं श्वास परत आला. दवाखान्यात पोचल्यावर सिस्टरनी पहिल्यांदा काय केलं असेल, तर बोटाला सुई टोचली. साखर फक्त ३४, जिवावर बेतेल एवढी कमी. आदल्या रात्री तो जेवला नव्हता आणि सकाळी शुगरची गोळी मात्र घेतली होती. शिरेतून ग्लुकोज गेलं, थोड्या वेळानं त्यानं डोळे उघडले आणि बायकोला विचारलं, "मी इथं कसा?" वेड नव्हतं, काही नव्हतं. साखर मोजायचा ग्लुकोमीटर सगळा वेळ माझ्या बॅगेत होता.

म्हणून तुला पहिली गोष्ट सांगतो ती ही की, समोरचा माणूस चवताळलाय म्हणजे तो मनोरुग्णच आहे असं धरून चालू नकोस. साखर उतरलेली असते, डोक्याला मार असतो, मेंदूपर्यंत गेलेला ताप असतो, फिट येऊन गेलेली असते. रोज पिणाऱ्यानं दोन-तीन दिवस दारू सोडली की तो थरथरतो, भिंतीवर किडे दिसतात म्हणतो, अंगावर धावून येतो. ते जिवावरचं दुखणं आहे. धोत्र्याचं बी पोटात गेलं तरी माणूस असाच बरळतो. घरच्यांना एवढंच विचार, हे कधीपासून? वर्षानुवर्षं आजार असेल तर ते लगेच सांगतात, गोळ्या कधी बंद झाल्या तेही सांगतात. काल रात्रीपर्यंत ठणठणीत असलेला माणूस आज असा वागत असेल, तर तो आधी कॅज्युअल्टीत गेला पाहिजे.

दुसरी गोष्ट पालथं घालण्याची. माणूस पालथा असला, हात मागं बांधलेले असले आणि पाठीवर वजन असलं की छाती फुगायला जागाच राहत नाही. त्यात तो अर्धा तास झटापट करून दमलेला असतो, त्याला नेहमीपेक्षा जास्त हवा हवी असते. ती मिळावी म्हणून तो आणखी धडपडतो आणि आपण म्हणतो, अजून जोर करतोय, दाबा. काही क्षणांसाठी पालथा पडलाच, तर तिथल्या तिथं कुशीवर वळव. आणि एकाएकी गप्प झाला तर झोपला म्हणू नकोस, आधी छाती हलतेय का बघ.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. २०१९मध्ये अमेरिकेत कोलोरॅडोतल्या ऑरोरा शहरात एलायजा मॅक्लेन नावाच्या २३ वर्षांच्या मुलाला पोलिसांनी रस्त्यात अडवलं. त्याच्या हातून काही गुन्हा घडलेला नव्हता. त्याचा गळा आवळला, खाली दाबून धरलं, श्वास घेता येत नाही असं तो सांगत राहिला. मग ॲम्ब्युलन्सवाले आले आणि त्याला नीट न तपासता त्यांनी त्याच्या वजनाला जास्त होईल एवढं, ५०० मिलिग्रॅम केटामाइन, म्हणजे गुंगीचं औषध, टोचलं. काही दिवसांनी तो गेला. डिसेंबर २०२३मध्ये त्यातल्या दोन पॅरामेडिकना ज्युरीनं दोषी धरलं. ते वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. ते दोघं माझ्यासारखेच, गाडीतून उतरून घाईत ठरवणारे.

आता तुझ्या खात्याचं. तू म्हणालास, ठाण्यात सगळे सांगत होते की कोर्टाची ऑर्डर नसताना मनोरुग्णाला हात लावायचा नाही. बरेच जुने हवालदार आजही हेच सांगतात, कारण त्यांची उमेदीची वर्षं १९८७च्या जुन्या मानसिक आरोग्य कायद्यात गेली. आता २०१७चा मानसिक आरोग्यसेवा कायदा आहे. त्यातलं कलम १०० पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यासाठीच आहे, ते एकदा निवांत वाच. आजारामुळे स्वतःची काळजी घेऊ न शकणारा कुणी हद्दीत भटकताना दिसला, किंवा त्याच्यापासून त्याला स्वतःला किंवा इतरांना धोका आहे असं वाटलं, तर त्याला संरक्षणात घ्यायचं हे तुमचं कर्तव्य आहे. का घेतोय ते त्याला, आणि त्याला समजत नसेल तर त्याच्या माणसाला सांगायचं. लवकरात लवकर, फार तर २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी रुग्णालयात न्यायचं. लॉकअपमध्ये एक मिनिटही ठेवता येत नाही. बेघर असेल तर हरवलेल्या व्यक्तीचा एफआयआर नोंदवून त्याचं घर शोधायचं, हेही त्यात आहे.

आणि आमच्यासाठी कलम ९४. जीव जाण्याचा किंवा कुणाला गंभीर इजा होण्याचा धोका समोर दिसत असेल, तर कोणताही नोंदणीकृत डॉक्टर दवाखान्यात किंवा घरीसुद्धा तातडीचे उपचार देऊ शकतो. रुग्णाचा कायद्यानं ठरलेला प्रतिनिधी, बहुतेक वेळा घरचंच माणूस, हजर असेल तर त्याची संमती घ्यायची. रुग्णालयापर्यंत नेणं हा त्या उपचाराचाच भाग आहे. मुदत ७२ तासांची. म्हणजे रात्री दोन वाजता न्यायदंडाधिकाऱ्यांना उठवायची गरज नाही. तरी दर खेपेला तेच. आम्ही म्हणतो पोलीस आल्याशिवाय उचलत नाही, पोलीस म्हणतात हे काम दवाखान्याचं, आणि तेवढ्या वेळात गाववाले दोर आणतात. तुझ्या त्या पोराला चऱ्हाट लागलं ते ह्याच रिकाम्या वेळात. ह्यात चूक तुझ्या एकट्याची नाही.

साखळीचं तर नावही काढू देऊ नकोस. तमिळनाडूत एरवाडीला ६ ऑगस्ट २००१च्या पहाटे एका आश्रमाला आग लागली आणि साखळ्यांनी बांधलेले २८ रुग्ण त्यात गेले. आताच्या कायद्यानं कुठल्याही रुग्णाला कुठल्याही प्रकारे साखळीनं बांधायला सरळ बंदी आहे.

आता तुला एक चांगलं पाहिलेलं सांगतो. मागच्या उन्हाळ्यात इकडे माण तालुक्यात एका वस्तीवर कॉल होता. पंचविशीचा मुलगा, हातात कोयता, आतून कडी. गोळ्या दोन महिन्यांपासून बंद, कारण जत्रेत देवऋष्यानं सांगितलं होतं की औषधानं देव कोपतो. बाहेर शंभर माणसं, मोबाइल वर धरलेले. आम्ही वळणावरच सायरन आणि दिवा बंद केला. ठाण्यातून एक हवालदार आले, रिटायरमेंटला आलेले. त्यांनी आधी गर्दी विहिरीपलीकडे नेली. मग टोपी काढून सोबतच्या शिपायाकडे दिली, काठीही दिली, आणि दारापासून चार हात लांब, जोत्याच्या कडेला जाऊन बसले. अगदी दारासमोर नाही, थोडं बाजूला. म्हणाले, "पोरा, ऊन लई हाय. मी हितं बसतो. तुला पाणी पायजे का?"

आतून शिव्या आल्या. ते काही बोलले नाहीत. पाच मिनिटांनी पुन्हा पाण्याचं विचारलं. पोरगा म्हणाला, "तुम्ही मला मारायला आलाय, मला आवाज येतोय." हवालदार त्याला खोटं पाडत बसले नाहीत आणि हो ला होही केलं नाही. म्हणाले, "मला त्यो आवाज येत न्हाई. पण तुला भ्या वाटतंय ते दिसतंय मला. मी हाय तवर कुणी हात लावणार न्हाई." बाकीचं कुणी तोंड उघडलं नाही. मी एकदा बोलायला गेलो, तर त्यांनी मागं न बघता हातानंच थांबवलं. चाळीस मिनिटं गेली. मग कडी निघाली, कोयता आधी बाहेर पडला, तो नुसत्या पायांनी मागून आला आणि त्यानं तांब्या तोंडाला लावला. हात इतके थरथरत होते की अर्धं पाणी छातीवर सांडलं. गाडीत तो स्वतः चढला. सातारा येईपर्यंत हवालदार त्याच्या शेजारी बसून होते.

दरवेळी असं होत नाही, मला माहीत आहे. कधी कोयता खाली येत नाही, कधी तो स्वतःचंच डोकं भिंतीवर आपटत असतो, तेव्हा धरावंच लागतं. पण मग ठरवून धर. पाच माणसं घे, एकेक हाता-पायाला आणि पाचवा डोक्याशी. डोक्याशी असेल त्यानंच बोलायचं आणि त्यानंच श्वासावर लक्ष ठेवायचं. झटापटीच्या आधी सगळ्यांनी गळ्यातली उपरणी, ओळखपत्राच्या दोऱ्या काढून ठेवायच्या. मी स्टेथोस्कोप गाडीतच ठेवतो. उताणा किंवा कुशीवर, छातीवरून पट्टा नाही. चऱ्हाट नको, काचतं. चादरीच्या रुंद पट्ट्या कर, गाठीखाली एक बोट जाईल एवढी ढिलाई ठेव, आणि दर थोड्या वेळानं बोटं गार पडलीत का बघ. बाई असेल तर महिला शिपाई पाहिजेच. आणि धरलेलं असतानाही त्याला सांगत राहा, आता हात धरतोय, आता गाडीत घेतोय, दवाखान्यात चाललोय. त्याला ऐकू येत असतं. बरे झाल्यावर लोक सांगतात, त्या वेळी कोण काय बोललं ते शब्दाला शब्द.

रुग्णालयात गेल्यावर इंजेक्शनचं ते बघतात. हॅलोपेरिडॉल आणि प्रोमेथाझिन ही शांत करणारी औषधं एकत्र देण्याची पद्धत आहे ना, तिच्यावरच्या मोठ्या चाचण्यांपैकी दोन आपल्याच देशात, वेल्लोरला झाल्या. त्यांत माणूस लवकर शांत होतो असं दिसलं. पण इंजेक्शननंतरही कुणीतरी त्याच्या श्वासाजवळ बसायला हवं. तुझा शिपाई सही घेऊन लगेच निघाला तर तो बिचारा अनोळखी माणसांत एकटा पडतो.

एक विनंती. तो पोरगा अजून वॉर्डात असेल. ड्युटी संपल्यावर साध्या कपड्यांत जा, दहा मिनिटं बस. मनगटावर चऱ्हाटाचे वळ असतील, ते बघून उठून येऊ नकोस. तो चिडला तर चिडू दे. घरच्यांना टेलिमानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लिहून दे, मराठीतून बोलतात आणि फोन फुकट आहे. गोळ्या पुन्हा बंद करायचं कुणाच्या मनात आलं तर आधी तिथं विचारतील. आणि त्याच्या आईला विचार, त्या चपला त्याच्यापर्यंत पोचल्या का. नसतील तर तू घेऊन जा.

काय झालं ते कळव. उद्यापासून मी रात्रपाळीला आहे, कधीही फोन कर.

तुझाच,
शाळेतला शेजारचा बाक