परीक्षणानंतर भलतेच तिकीट परत आल्याबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
टपाल तिकीट परीक्षण विभाग

विषय : मी पाठवलेले 1948 चे दहा रुपयांचे गांधी तिकीट परत मिळणे व परीक्षणाची कारणे लेखी मिळणे.

महोदय,

10 फेब्रुवारीला मी एक टपाल तिकीट, ते अस्सल आहे की नाही याच्या परीक्षणासाठी, स्पीड पोस्टाने आपल्याकडे पाठवले आणि शुल्काचे 4,500 रुपये त्याच दिवशी भरले. सहा आठवड्यांत अहवाल देऊ, असे आपल्या पावतीवर लिहिले होते. पाकीट हातात पडले 26 मे रोजी. उशिराचे एक वेळ सोडून देते. पण पाकिटात आलेले तिकीट मी पाठवलेले नाही.

तिकीट माझ्या वडिलांच्या, आप्पांच्या संग्रहातले. ते गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी गेले, आणि त्यांचे अकरा अल्बम माझ्याकडे आले. 15 ऑगस्ट 1948 ला निघालेल्या गांधीजींच्या संचातले हे दहा रुपयांचे तिकीट. दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये अशी त्या संचात चार तिकिटे होती. आपली तिकिटे एरवी नाशिकला छापली जात. हा संच मात्र स्वित्झर्लंडमध्ये कुर्व्हॉझिए या छापखान्याकडे फोटोग्राव्ह्यूर (कोरलेल्या पत्र्यावरून छापण्याच्या) पद्धतीने छापून घेतला होता. आप्पांच्या तिकिटावर इंग्रजीत 'सर्व्हिस', म्हणजे सरकारी वापरासाठी, असा जादा छाप आहे. तसा छाप मारलेले अवघे 100 संच गव्हर्नर जनरलांच्या कार्यालयासाठी तयार झाले होते. 2017 साली त्यातल्या दहा रुपयांच्या चार तिकिटांची एक पट्टी पाच लाख पौंडांना विकली गेली.

हा आकडा वाचून मी हुरळून गेले आहे, असे कृपया समजू नये. आप्पांनी हे तिकीट साठच्या दशकात मुंबईत फोर्टमधल्या एका फुटपाथवरच्या विक्रेत्याकडून घेतले होते. तिथे असली वस्तू सहज मिळत नाही, हे त्यांनाही माहीत होते. अल्बमच्या त्या पानावर तिकिटाखाली त्यांनी पेन्सिलीने लिहून ठेवले आहे : 'खात्री करून घेणे.' ते त्यांच्या हयातीत राहून गेले. म्हणून मी ते आपल्याकडे पाठवले. खोटे निघाले असते तरी मी ते त्याच पानावर, त्याच जागी परत लावणार होते.

आता मुद्द्याचे सांगते. पाठवण्यापूर्वी भाच्याच्या सांगण्यावरून मी तिकिटाचे दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवले होते. वरच्या दातेरी कडेला उजवीकडून तिसरा दाता निम्मा तुटलेला आहे. मागे डिंकावर आप्पांनी लावलेल्या हिंजचा (तिकीट अल्बममध्ये चिकटवायच्या कागदी पट्टीचा) अर्धा तुकडा अजून चिकटलेला आहे आणि त्याच्याभोवती पिवळसर डाग आहे. आपण परत पाठवलेल्या तिकिटाचे सगळे दाते शाबूत आहेत. मागचा डिंक सलग, गुळगुळीत, हिंजची खूणसुद्धा नाही. हिंज निघू शकते, डिंक धुऊन नवा लावता येतो, हे मला ठाऊक आहे (आणि तसे कोणी केले असेल तर तीही तिकिटाची नासधूसच). पण तुटलेला दाता आपोआप उगवत नाही.

आपल्याच प्रमाणपत्रावर छापलेला फोटो भिंगाखाली पाहावा, ही विनंती. त्यात तो तिसरा दाता तुटलेला स्पष्ट दिसतो. म्हणजे आपल्याकडे फोटो काढला गेला तेव्हा आप्पांचे तिकीट आपल्या टेबलावर होते, आणि पाकीट बंद होताना त्यात दुसरे गेले. मी कोणावर चोरीचा आळ घेत नाही. एकाच वेळी दोन ग्राहकांची तिकिटे आली असतील आणि अदलाबदल झाली असेल. तसे असेल तर आज कोणाच्या तरी घरी आप्पांचे तिकीट पडून आहे, आणि त्यांचे माझ्याकडे.

हे मी फोनवर तीन वेळा आणि ईमेलने एकदा कळवले. 'प्रमाणपत्र अंतिम असते, निकालाबाबत तक्रार घेतली जात नाही,' एवढेच उत्तर आले. मी निकालाबद्दल विचारलेच नव्हते.

मात्र आता निकालाबद्दलही विचारते. प्रमाणपत्रावर फक्त दोन शब्द आहेत : 'अस्सल नाही.' काय अस्सल नाही? मूळ तिकीटच बनावट आहे, की तिकीट खरे आणि त्यावरचा 'सर्व्हिस' छाप तेवढा मागाहून कोणी मारलेला? या दोन पूर्णपणे वेगळ्या गोष्टी आहेत. साधे, छाप नसलेले दहा रुपयांचे गांधी तिकीटही संग्राहकांना हवे असते आणि त्याचीही नक्कल झालेली आहे. छपाई फोटोग्राव्ह्यूर आहे की ऑफसेट, हे भिंगाखालच्या ठिपक्यांवरून कळते. कडेच्या दोन सेंटिमीटरमध्ये, खऱ्या तिकिटाप्रमाणे, साडेअकरा छिद्रे बसतात का, ते मोजता येते. छापाची अक्षरे खात्रीच्या नमुन्याशी ताडून पाहता येतात. यातले काय केले आणि काय आढळले, हे चार ओळींत तरी लिहायला हवे होते. परीक्षणाचे पैसे घेतल्यावर कारण सांगणे हा त्या कामाचाच भाग आहे, असे मी मानते.

माझे म्हणणे असे. आप्पांचे तिकीट शोधून मला परत द्यावे. माझे पाकीट कोणत्या दिवशी उघडले, कोणाच्या हातात होते आणि कधी बंद केले, याची आपल्या नोंदवहीतील प्रत द्यावी. परीक्षणाची कारणे लेखी द्यावीत. हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत उत्तर न आल्यास मी 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली सेवेतील त्रुटीबद्दल माझ्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करीन. त्यासाठी आपल्या शहरात यावे लागत नाही, याची माहिती मी घेतली आहे.

सोबत मी काढलेले चार फोटो, आपल्या प्रमाणपत्राची प्रत, पावती आणि स्पीड पोस्टची पोचपावती जोडली आहे.

आपण पाठवलेले तिकीट मी बटर पेपरमध्ये ठेवले आहे, अल्बममध्ये लावलेले नाही. त्याला मी चिमट्याशिवाय हात लावलेला नाही. ते ज्यांचे आहे त्यांना द्यायचे आहे. माझे तिकीट आले की त्याच दिवशी ते विमा उतरवून परत पाठवीन.

कळावे,

आपली ग्राहक,
सांगली
9 जून