सहलीच्या पत्रकावर बॅगेचे माप छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळी सरली की बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात सहलींची पत्रके फिरू लागतात. गोकर्ण, मुरुडेश्वर, कोल्लूर, उडुपी, धर्मस्थळ, कुक्के अशी सहा दिवसांची, पाच मुक्कामांची यात्रा तर दरवर्षी ठरलेली. पत्रकावर सकाळच्या चहापासून रात्रीच्या जेवणापर्यंत सगळे असते. सामानाबद्दल मात्र एकच ओळ, 'सामान मर्यादित आणावे'. मर्यादित म्हणजे किती, हे ज्याने त्याने ठरवायचे, आणि ते ठरते घरातल्या सर्वांत मोठ्या बॅगेवरून. बॅगेत जागा उरलेली कुणालाच बघवत नाही.

एकाच गावी पाच दिवस राहायचे तर मोठी बॅग चालते. खोलीत एकदा उघडली की संपले. रोज मुक्काम बदलला की तीच बॅग रोज संध्याकाळी डिकीतून उतरते, जिना चढते आणि पहाटे पुन्हा डिकीत जाते. चाळीस माणसांनी प्रत्येकी तीन नग आणले तर एकशे वीस नग झाले. एक नग काढून हातात द्यायला पंधरा सेकंद धरली, तरी अर्धा तास गेला. चढवताना पुन्हा अर्धा तास. पहाटेचे दर्शन चुकते ते इथे, ड्रायव्हरच्या आळसामुळे नव्हे. माणशी डिकीत एक नग आणि मांडीवर एक पिशवी ठेवली, तर तेच काम दहा मिनिटांत होते.

कपडे किती न्यायचे हा प्रश्न लोक दिवसांवर सोडवतात. सहा दिवस म्हणून सहा जोड, वर 'लागला तर असू दे' म्हणून एक. खरे तर कपडे मोजायचे ते धुण्याच्या फेऱ्यांवर. एक जोड अंगावर, एक दोरीवर, एक बॅगेत. तीन जोडांत सहा दिवस निघतात आणि दहाही निघतात. अट एवढीच की कपडा रात्रीत वाळला पाहिजे. हिवाळ्यातही किनाऱ्यावरची हवा दमट असते, बेळगावसारखी कोरडी नाही. तिथे जीन्सचा कमरपट्टा आणि खिसे सकाळी ओलेच सापडतात. अस्तराचा ब्लाउजही तसाच. म्हणून जीन्स घरी ठेवावी (वजन सहाशे-सातशे ग्रॅम, वाळायला दीड दिवस) आणि पातळ टेरिकॉटची पँट न्यावी. ब्लाउज बिनअस्तराचे घ्यावेत.

वाळवण्याची रीत सोपी आहे, पण ती कुणी करत नाही. कपडा हाताने पिळून झाला की कोरड्या पंचावर पसरायचा, पंचासकट घट्ट गुंडाळायचा आणि त्या गुंडाळीवर पाय देऊन उभे राहायचे. पंचा उरलेले पाणी ओढून घेतो. मग चार मीटर नायलॉनची दोरी खिडकी ते कडी बांधायची, कपडा पंख्याखाली घालायचा आणि दोन कपड्यांत वीतभर अंतर ठेवायचे. दोन कपडे एकावर एक टाकले की दोन्ही ओले राहतात. कपड्याचा साबण पन्नास ग्रॅमच्या वडीचा तुकडा करून न्यावा. पावडरची पुडी पहिल्याच मुक्कामाला फुटते आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या बॅगेला वास येतो.

पंचाचा विषय निघालाच आहे, तर टर्किश टॉवेल अजिबात नेऊ नये. तो कोरडा असताना अर्ध्या किलोच्या वर भरतो, ओला झाला की बॅगेत ठेवण्याच्या लायकीचा राहत नाही. सुती पंचा दीडशे ग्रॅमचा. अंग पुसायला, डोक्यावर घ्यायला, बसमध्ये उशाला, सगळीकडे तोच. शिवाय धर्मस्थळ, कुक्के, उडुपी या ठिकाणी पुरुषांना अंगातला शर्ट-बनियन काढून आत जावे लागते आणि गोकर्णात शिवलिंगाजवळ जायचे तर धोतर लागते. तेव्हा पुढून बटणे असलेला शर्ट सोयीचा; टी-शर्ट गर्दीत काढायचा म्हणजे कोपर शेजारच्याच्या नाकावर. इथे एक अडचण हमखास येते. पाकीट, चष्मा, मोबाईल सगळे शर्टाच्या खिशात, आणि शर्ट हातात. रांगेत तो शर्ट उलटा झाला की खिसा रिकामा. पूर्वीची माणसे कमरेला चंची खोचत, त्यात शहाणपण होते. आज कमरेला बांधायची चेनची पिशवी शंभर-दीडशे रुपयांत मिळते. पैसे आणि आधार कार्ड त्यात ठेवावे.

आता वजनाचा हिशेब मांडतो, कारण 'हलके' म्हणजे काय यावर घरोघरी वाद होतात. एका बाईची सहा दिवसांची बॅग धरू. अंगावर एक साडी, बॅगेत दोन. सिंथेटिक साडी, परकर, ब्लाउज मिळून एक जोड सातशे ग्रॅम, म्हणजे दोन जोड १४०० ग्रॅम. आतले कपडे ३००, गाऊन २५०, पंचा १५०, पातळ सिंगल चादर ४००, शाल २५०, तेल-साबण-पेस्ट वगैरे ४००, औषधे १५०, रबरी चप्पल २५०, दोरी आणि चिमटे १००. बेरीज ३ किलो ६५० ग्रॅम. हे सगळे एक किलोच्या कापडी सॅकमध्ये भरले तर ४ किलो ६५० ग्रॅम होते. हेच मोठ्या चाकाच्या ट्रॉलीत भरले, तर ट्रॉलीच रिकामी चार किलोची, म्हणजे साडेसात किलोच्या वर. सामानापेक्षा डबा जड. सोलापुरी चादर घातली की आणखी किलोभर वाढले. ती घरीच बरी.

वजन करायला बाथरूमचा काटा चालतो, पण बॅग नुसती त्यावर ठेवू नये. लहान वजनाला तो फसवतो. आधी आपण उभे राहावे, मग बॅग घेऊन उभे राहावे आणि फरक काढावा. तीच बॅग हातात धरून घरचा जिना दोनदा चढून बघावा. खांदा भरून आला तर काय काढायचे ते आपोआप कळते.

ट्रॉलीबद्दल आमचे मत वाईट आहे, ते सांगून टाकतो. चाकाची बॅग विमानतळाच्या गुळगुळीत फरशीसाठी जन्मली. देवळाभोवतालच्या फरसबंदीवर आणि यात्री निवासाच्या जिन्यावर ती उचलूनच न्यावी लागते. चार चाकांची बॅग डिकीत वळणावळणाला सरकते. यल्लापूरहून अंकोल्याकडे उतरताना अरबैल घाटात डिकीतून धडधड ऐकू येते, ती हीच. चाक मोडते तेही बहुतेक वेळा बॅग चाकावर आपटल्यामुळे. ट्रॉली न्यायचीच असेल तर दोन चाकांची, कापडी आणि ५५ सेंटिमीटरच्या आतली न्यावी आणि जड वस्तू चाकांच्या बाजूला भराव्यात. वर भरल्या तर सोडताक्षणी बॅग तोंडावर पडते. सॅकमध्ये उलट, जड वस्तू पाठीलगत आणि मध्यावर हव्यात.

भरण्यातही रोज उघडायच्या बॅगेचे शास्त्र वेगळे. एक जोड म्हणजे साडी, परकर, ब्लाउज, आतले कपडे सगळे एकाच पातळ कापडी पिशवीत. पुरुषांचा शर्ट, पँट, बनियन तसेच. पहाटे साडेचारला अंधारात हात घातला की एक पिशवी बाहेर यावी, दुसरे काही हलू नये. रोल करायची टूम हल्ली आहे. टी-शर्ट, गाऊन, लेंगा यांना ती ठीक; खळ दिलेल्या सुती साडीला नाही. ती बॅगेच्या रुंदीची सपाट घडी करून पाठीकडच्या बाजूला लावावी. वापरलेले कपडे प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नयेत, सकाळपासून रात्रीपर्यंत त्यांना कुबट वास धरतो. त्यासाठी कापडाची रिकामी पिशवी हवी आणि ती तळाशी जावी. प्लास्टिकची एक मोठी पिशवी मात्र बॅगेच्या आत अस्तरासारखी घालावी, कपडे तिच्या आत. डिकीत धूळ जाते, कधी पाणीही. बाहेरून घातलेले कव्हर पाठीच्या बाजूने उघडे असते.

तेलाच्या बाटलीचे गणित आपल्याकडच्या लोकांनी नीट समजून घ्यावे. बेळगावात डिसेंबरच्या थंडीत खोबरेल गोठलेले असते. झाकण जेमतेम लावले तरी काही सांडत नाही, म्हणून बाटली तशीच बॅगेत जाते. खोबरेल साधारण २४ अंशांना वितळते. किनाऱ्यावर उतरलात की त्याचे पाणी होते आणि ते शोधत शोधत साडीपर्यंत पोहोचते. परत येताना दुसरा घोळ. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर उंचीवर आहे. घाट चढताना बाहेरचा दाब कमी होतो, बाटलीतली हवा फुगते आणि झाकणाखालून तेल ढकलते. उपाय असा: पन्नास मिलिलिटरची मऊ बाटली घ्यावी, पाऊण भरावी, किंचित दाबून हवा काढावी आणि मग झाकण लावावे. झाकणाखाली प्लास्टिकचा चौकोनी तुकडा घातला तर आणखी चांगले. बाटली उभी राहील अशी स्टीलच्या पेल्यात ठेवावी. तुपालाही हेच.

औषधे डिकीतल्या बॅगेत कधीही नकोत. सहलीचे दिवस अधिक तीन दिवस पुरतील इतक्या गोळ्या, नाव आणि तारीख दिसेल अशी पट्टी न कापता, मांडीवरच्या पिशवीत. नवरा-बायको दोघांना गोळ्या असतील तर अर्ध्या एकाकडे, अर्ध्या दुसऱ्याकडे. इन्सुलिन उन्हात तापलेल्या डिकीत खराब होते आणि ते डोळ्यांना दिसत नाही. घाट लागणाऱ्यांनी उलटीची गोळी घाट सुरू व्हायच्या अर्धा तास आधी घ्यावी. डोके गरगरल्यावर पिशवी धुंडाळण्यात अर्थ नाही.

खाऊ हा आपला कच्चा दुवा. पाच मुक्कामांत दोन नातेवाइकांकडे डोकवायचे असेल तर कुंदा पहिल्या घरी उतरवावा. तो दुधाचा, डिकीच्या उष्णतेत तिसऱ्या दिवशी त्याची खात्री नाही. गोकाकचे करदंट डिंक, गूळ आणि सुक्या मेव्याचे, ते शेवटच्या घरापर्यंत टिकते. उलट क्रम लावणारे बरेच असतात. वाटेसाठी कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी यांना तोड नाही, पण भाकरी पिशवीत भरली की चुरा होतो. घट्ट झाकणाच्या पसरट स्टीलच्या डब्यात, वर-खाली जुन्या सुती कापडाची घडी घालून ठेवावी. उडुपीच्या दमट हवेत डबा उघडा राहिला तर एका रात्रीत ती वातड होते. भडंग पाव किलो पुरे. पाण्याची बाटली अर्ध्या लिटरची. वाटेत भरून घेता येते.

ज्या बहिणी ११ जून २०२३ पासून सुरू झालेल्या शक्ती योजनेत (कर्नाटकात महिलांना सरकारी बसचा प्रवास मोफत) एसटीने फिरतात, त्यांना डिकीचा भरवसा नको. साध्या बसला गर्दी असते. सीटखाली जाईल अशी मऊ पिशवीच हवी. योजना राज्याच्या हद्दीत चालते आणि कर्नाटकचा पत्ता असलेले ओळखपत्र दाखवावे लागते. निपाणीहून कोल्हापूरला जाणाऱ्या आंतरराज्य बसला ती लागू नाही.

रेल्वेत स्लीपरला ४० किलो आणि साध्या दुसऱ्या वर्गाला ३५ किलो सामान मोफत नेता येते. लोक ही मर्यादा ऐकून खूश होतात. मिरजेला किंवा लोंढ्याला गाडी बदलताना ते ४० किलो जिन्यावरून आपल्यालाच न्यायचे असते. सांबऱ्याहून, म्हणजे बेळगावच्या विमानतळावरून, विमानाने जाणाऱ्यांना हातातल्या बॅगेला बहुधा सात किलोची मर्यादा असते. पुढे दुसऱ्या कंपनीचे विमान असेल तर दोहोंत जी मर्यादा कमी, ती धरून भरावे. पॉवर बँक हातातल्या बॅगेत ठेवावी, आत द्यायच्या सामानात चालत नाही. सुके खोबरे मात्र दोन्हीकडे चालत नाही, ते आपोआप तापून पेट घेऊ शकते. देवळातून मिळालेले खोबरे बॅगेत विसरले की विमानतळावर ते काढून टाकावे लागते.

सहल काढणाऱ्या मंडळींना आमची विनंती आहे. पत्रकावर 'मर्यादित' ऐवजी आकडे छापा: माणशी एक कापडी बॅग, ५५ बाय ४० बाय २५ सेंटिमीटर, वजन सात किलोपर्यंत, शिवाय मांडीवर मावेल अशी एक पिशवी. परतीच्या खरेदीसाठी रिकामी घडीची थैली चालेल, तीही शेवटच्या मुक्कामालाच उघडायची. हँडलला प्रत्येक कुटुंबाने एका रंगाची चिंधी बांधावी, कारण चाळीसपैकी पंचवीस बॅगा काळ्याच असतात. नाव आणि मोबाईल नंबरची चिठ्ठी बॅगेच्या आतही असावी. बाहेरची पाटी तुटते. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी बॅगा गोळा करून काट्यावर घ्या आणि जास्तीचे तिथेच परत द्या. सकाळी पाचला बसच्या दारात हा वाद घातला तर हरणार तुम्हीच.

आपले नम्र,
यात्रेच्या बसगाड्यांची व्यवस्था पाहणारे काहीजण,
बेळगाव व खानापूर