फोनच्या पॅनलमधलं ड्रॉईंग कुठंय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अंबड एमआयडीसीत मी बावीस वर्षं मेंटेनन्सला आहे. मशीन बंद पडलं की आमचं पहिलं काम एकच, पॅनलचा दरवाजा उघडायचा आणि आतल्या खिशातलं इलेक्ट्रिकल ड्रॉईंग बाहेर काढायचं. वायर नंबर बघा, मीटर लावा, फॉल्ट सापडतो. मशीन वीस वर्षं जुनं असू दे, बनवणारी कंपनी बुडालेली असू दे, ड्रॉईंग आहे ना, मग निभतं. ते हरवलेलं असलं की मात्र आमचे हाल कुत्रं खात नाही.

आता हे पेपरला कशाला लिहितोय, तर फोनमुळे, त्याचं असलं ड्रॉईंग कंपन्या देत नाहीत म्हणून. मेहुण्याची निफाडला द्राक्षबाग आहे. थंडीत पारा उतरला की हा पठ्ठ्या पहाटे तीनला उठून बागेत शेकोट्या पेटवतो, आणि कधी उठायचं हे कळायला रात्रभर थर्मामीटर बघत बसतो. मी म्हटलं थांब, घरात २०१८ चा फोन पडलाय, बॅटरी ठीक आहे, स्क्रीनला एक ओरखडा सोडला तर काही झालेलं नाही, अपडेट बंद झाले म्हणून पोरीने टाकून दिला एवढंच. त्यावर साधं लिनक्स, म्हणजे कुणालाही फुकट वापरता येणारी खुली ऑपरेटिंग सिस्टिम टाकू, टाइप-सीला सेन्सर लावू, पारा अमुकच्या खाली गेला की तुला मेसेज. कंपनीत एका भंगार पीसीवर डेबियन नावाचं लिनक्स टाकून असंच काम मी एका रविवारात केलं होतं. फोनवर चार महिने खटपट करतोय, अजून जमलेलं नाही.

गंमत म्हणजे अँड्रॉइडच्या खाली लिनक्सच आहे, लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये सुरू केलेलं तेच कर्नल, म्हणजे हार्डवेअर हाताळणारा सिस्टिमचा गाभा. मग अडतंय कुठे? तर चिपवाली कंपनी त्या कर्नलची एक आवृत्ती उचलते, समजा ४.९, त्यात स्वतःच्या लाखो ओळी घालते, मग फोनवाली कंपनी त्याच्यावर आपला टचस्क्रीन, आपलं चार्जिंग, आपला कॅमेरा चढवते, आणि हे सगळं गाठोडं मुख्य लिनक्सकडे परत जातच नाही, त्या फोनपुरतंच राहतं. याला व्हेंडर कर्नल म्हणतात. ४.९ आलं २०१६ च्या शेवटी, त्याची देखभाल जानेवारी २०२३ मध्ये संपली, मुख्य लिनक्स कधीच ६ च्या पुढे गेलं. जुन्या कर्नलचा ड्रायव्हर, म्हणजे एखादा पार्ट चालवणारा कोड, नव्यात तसाच चालत नाही कारण कर्नलच्या आतल्या जोडण्या सारख्या बदलतात. सोर्स, म्हणजे माणसाला वाचता येणारा मूळ कोड, असेल तर कुणीतरी बसून जुळवून घेतो. नुसती बायनरी, म्हणजे फक्त मशीनला कळणारी फाईल असेल तर काय कपाळ जुळवणार?

दुसरं म्हणजे पीसीत कार्ड बसवलं की ते स्वतः सांगतं मी कोण. फोनच्या चिपला जोडलेले बरेचसे पार्ट असं काही सांगत नाहीत, टच कुठल्या पिनवर, स्क्रीनला कुठला रेग्युलेटर किती व्होल्ट देतो, हे सगळं डिव्हाइस ट्री नावाच्या फाईलमध्ये लिहून कर्नलला द्यावं लागतं. हेच ते आमचं पॅनलमधलं ड्रॉईंग.

आणि हे मागणं म्हणजे भीक नाहीये हो. लिनक्सचं लायसन जीपीएल आवृत्ती २. कर्नल विकलंत तर सोर्स द्यायचा, सोबत दिला नसेल तर निदान तीन वर्षं, जो कुणी मागेल त्याला देऊ असं लेखी वचन द्यायचं. मी फोनच्या कंपनीला मेल केला. उत्तर नाही. कस्टमर केअरला लावला तर पलीकडची मुलगी बिचारी फार गोड बोलली, म्हणाली सर सोर्स कोड म्हणजे मेसेजमध्ये आलेला सहा आकडी का. तिची काय चूक म्हणा. दोन आठवड्यांनी एक लिंक आली, उघडून बघतो तर दुसऱ्याच मॉडेलचा सोर्स, त्यातही टचचं फोल्डर गायब, कंपाईल, म्हणजे सोर्सपासून चालणारी फाईल बनवणं, अर्ध्यात फुटतं.

पर्याय आहेत, नाही असं नाही. उबंटू टच, म्हणजे फोनसाठीचं लिनक्स, कॅननिकल कंपनीने २०१७ मध्ये सोडून दिलं, आता यूबीपोर्ट्स नावाच्या गटाची मंडळी चालवतात. त्यात बहुतेक फोनवर व्हेंडर कर्नल तसंच ठेवून अँड्रॉइडचा तुकडा कंटेनर नावाच्या बंद कप्प्यात डांबतात आणि लिबहायब्रिस नावाच्या जुगाडाने त्याचे ड्रायव्हर वापरतात. हुशारी आहेच, पण खाली कर्नल तेच जुनं, त्याच्या सुरक्षेतली भोकं पण तीच. शिवाय आमच्या घरी सगळी सिम जिओची, तिथे टूजी-थ्रीजी नाही, कॉल म्हणजे व्होल्टी (फोरजीवरून होणारा कॉल), आणि व्होल्टीचा कोड चिपवाल्यांच्या पोतडीत. त्यामुळे बऱ्याच फोनवर कॉल सोडून सगळं होतं अशी अवस्था!

दुसरा रस्ता पोस्टमार्केटओएस नावाच्या प्रकल्पाचा, शक्य तिथे मुख्य लिनक्सच फोनवर आणायचं. वनप्लस ६ आणि आपल्याकडे धो धो खपलेला पोको एफ१, दोन्ही स्नॅपड्रॅगन ८४५ चिपवाले, त्यांच्यावर हे बऱ्यापैकी चालतं, कॅमेऱ्याची मात्र बरीच वर्षं बोंब. ८४५ लाच का जमलं? कारण त्या चिपचा बराच कोड खुद्द ती चिप बनवणाऱ्या क्वालकॉमच्या आणि लिनक्सवर काम करणाऱ्या लिनारोच्या इंजिनिअरांनी मुख्य लिनक्समध्ये घातला होता, बाकीचं हौशी पोरांनी पदरचा वेळ घालून केलं. कोड दिला तिथे झालं. माझ्या फोनची चिप वेगळी, तिथे सगळा अंधार.

२०२३ मध्ये भारोएस या फोनच्या देशी सिस्टिमचा केवढा गाजावाजा झाला, स्वदेशी स्वदेशी. तेही अँड्रॉइडच्या ओपन सोर्स कोडवर, म्हणजे बाजारातल्या फोनवर टाकायचं तर खालचं कर्नल परत व्हेंडरचंच. छत आपलं, पाया कुणाचा ते विचारायचं नाही.

मोडेमचं, म्हणजे नेटवर्कशी बोलणाऱ्या भागाचं, आतलं सॉफ्टवेअर उघडं करा असं मी म्हणत नाही, ते ठेवा तुमच्याकडे. सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये राइट टू रिपेअरचं पोर्टल काढलं, फोन दुरुस्तीला किती सोपा याचे गुण द्यायचंही चाललंय. युरोपात जून २०२५ पासून, मॉडेलची विक्री थांबल्यावरही पाच वर्षं अपडेट द्यायचा नियम लागू झालाय. आपल्याकडे स्क्रू कुठले वापरले, पार्ट मिळतो का, याचे गुण द्याल ते द्या, पण कंपाईल होणारा कर्नल सोर्स, डिव्हाइस ट्री आणि बूटलोडर (फोन चालू होताना सिस्टिम चढवणारा प्रोग्रॅम) उघडायची सोय यालाही गुण हवेत, आणि अपडेट बंद करताना या तीन गोष्टी देणं सक्तीचं हवं. एमजी रोडवर त्या फोनचे मला सातशे रुपये सांगितले, दुकानदार म्हणाला भाऊ, पार्टसाठीच घेतो, सॉफ्टवेअर संपलंय याचं.

तुमच्या वाचकांत कुणी या कामातलं असेल तर जरूर कळवावं. मेहुण्याला तूर्त बाजारातला अलार्मवाला थर्मामीटर घेऊन दिलाय. फोन टूलबॉक्समध्ये आहे, कंपनीला तिसरा मेल परवाच टाकलाय.

आपला,
एक मेंटेनन्सवाला
सिडको, नाशिक