पुढची जोड

लंडन, ६ ऑक्टोबर २०२४

ती. बाबा आणि सौ. आईस,
साष्टांग नमस्कार.

आई, नवरात्राचे नऊही दिवस कडक उपवास करू नकोस. गुडघ्याच्या गोळ्या रिकाम्या पोटी सोसत नाहीत, हे मी तुला मागच्या वर्षीही सांगितलं होतं. बसता दिवस झालाय, आता उठता तेवढा धर. देवी रागावणार नाही.

बाबा, तुमचा निरोप मी तीनदा ऐकला. चिन्यानं तुम्हाला मोबाइलवर बॉक्सर अँथनी जोशुआच्या लढतीचा तुकडा दाखवला आणि तुम्ही पहिलाच प्रश्न विचारलात, "आता ह्याची पुढची जोड कुणाशी लावणार?" हरल्याची हळहळ नाही, एकदम जोड. तुमचा वस्तादाचा जीव आहे तो. फोनवर उत्तर द्यायला घेतलं की आपल्या दोघांचा आवाज चढतो, म्हणून कागदावर लिहिते आहे. निवांत वाचा.

त्या रात्री, २१ सप्टेंबरला, वेम्बली स्टेडियमवर ९६ हजार माणूस होतं. मी ज्या क्लबात संध्याकाळी पोरांचे खांदे-मनगटं बघायला जाते, तिथल्या पोरांबरोबर टीव्हीवर पाहिलं. ही सगळी पोरं जोशुआला बघत वाढलेली. २०१२ ला याच शहरात त्यानं ऑलिंपिकचं सुवर्ण घेतलं तेव्हा यातली बरीचशी शाळेतही जात नव्हती. डॅनियल डुबॉइसनं त्याला पहिल्याच फेरीत खाली बसवलं. पाचव्या फेरीत जोशुआनं उजव्या हातानं डुबॉइसला हलवलं, आमची खोली उठून उभी राहिली, आणि संपवायच्या घाईत तो अपरकट, म्हणजे खालून वर जाणारा ठोसा, टाकायला आत गेला. समोरून डुबॉइसचा उजवा आला. खोलीत कुणी बोललं नाही. एक पोरगा हातातले बँडेज गुंडाळत बसला, ते आधीच गुंडाळलेले होते.

तुम्ही म्हणता, लगेच त्याच्याशीच लावा, डाग धुऊन निघू दे. बाबा, मला हे पटत नाही. आणि याचं उत्तर मला जिंकणाऱ्या डुबॉइसच्याच वाटचालीत दिसतं.

हा पोरगा २०२० मध्ये जो जॉइसकडून हरला. डोळ्याभोवतीचं हाड मोडलं होतं. दहाव्या फेरीत तो गुडघ्यावर बसला आणि उठला नाही. लोक काय म्हणाले ठाऊक आहे? पळपुटा. हाड मोडलेल्या माणसाला! मग ऑगस्ट २०२३ मध्ये पोलंडला जगज्जेत्या उसिकनं त्याला नवव्या फेरीत थांबवलं, आणि तेच बोलणं पुन्हा सुरू झालं. आता बघा, त्यानंतर त्याच्यासमोर कुणाला उभं केलं. जॅरेल मिलर. १५१ किलोचा धिप्पाड माणूस, चपळ नाही, पण अंगावर रेलत राहणारा, दम काढणारा. म्हणजे दुखण्यावरच बोट ठेवलं होतं: तू अडचणीत आलास की सोडतोस का? डुबॉइस दहा फेऱ्या त्या डोंगराखाली उभा राहिला आणि शेवटच्या फेरीचे काही सेकंद उरले असताना पंचानं मिलरला थांबवलं. मग जून २०२४ मध्ये क्रोएशियाचा हर्गोविच, तोवर एकदाही न हरलेला. सुरुवातीला त्याचे उजवे ठोसे डुबॉइसला चांगले लागले, तरी तो चालत राहिला आणि आठव्या फेरीत जिंकला. वेम्बलीवर आला तो हा डुबॉइस. उसिकशी हरल्यावर लगेच पुन्हा उसिकसमोर ढकलला असता, तर हे घडलं असतं असं मला वाटत नाही.

इथे जोड लावणाऱ्याला मॅचमेकर म्हणतात. काम तुमचंच. फरक इतकाच की तुम्ही पोराची मान, मांड आणि डोळे बघून जोड लावता, आणि इथे तिकिटं, टीव्ही आणि हल्ली सौदीचा पैसा आधी बोलतो. वेम्बलीचा कार्यक्रमही सौदीच्या रियाध सीझन या महोत्सवानंच भरवलेला होता. म्हणून आता सगळे जोशुआसमोर माजी विजेत्या टायसन फ्युरीचं नाव घेतायत. ती लढत झाली तर पैसा अमाप येईल. जोशुआला त्यातून काय कळेल, हे मात्र कुणी विचारत नाही.

जोशुआ हरल्यावर त्याच्या माणसांनी दोन्ही वाटा वापरून पाहिल्या आहेत. २०१९ ला न्यूयॉर्कमध्ये रुइझनं त्याला पाडलं, तेव्हा सहा महिन्यांत तुमच्यासारखंच केलं, त्याच माणसाशी पुन्हा जोड. जिंकला, पण रुइझ त्या रात्री १२८ किलोचा होऊन आला होता आणि जोशुआ बारा फेऱ्या लांबूनच खेळला. विजेतेपदाचे पट्टे परत मिळाले, पण जवळून मार बसला की काय करायचं हा प्रश्न तसाच राहिला. उसिककडून लागोपाठ दोनदा हरल्यावर मात्र शिडी लावली. एप्रिल २०२३ मध्ये फ्रँकलिन, बारा फेऱ्या, गुणांवर. ऑगस्टमध्ये हेलेनियस, तोही ऐनवेळी आलेला. आदल्याच आठवड्यात तो फिनलंडमध्ये एका जुन्या किल्ल्यात लढला होता! मग वॉलिन, त्याच्या कोपऱ्यातल्या माणसांनीच पाच फेऱ्यांनंतर त्याला उठू दिलं नाही. मग एन्गानू, ज्याची ती आयुष्यातली दुसरीच व्यावसायिक बॉक्सिंग लढत. दोन फेऱ्यांत आटोपलं आणि सगळे म्हणाले, जुना जोशुआ परत आला. मलाही तसंच वाटलं होतं, खोटं कशाला सांगू. आज ती शिडी बघते तेव्हा दिसतं की शेवटच्या पायरीवर त्याला कुणी काही विचारलंच नव्हतं.

व्लादिमिर क्लिच्कोचं तसंच झालं होतं. २००३ मध्ये सँडर्सनं त्याला दुसऱ्याच फेरीत झोपवलं. पुढे दोन सोपी माणसं दिली, दोघांनाही त्यानं लवकर लोळवलं. जखम बरी झाली असं समजून एप्रिल २००४ मध्ये ब्रूस्टरसमोर आणला, आणि चार फेऱ्या वरचढ राहून पाचव्या फेरीत त्याचा दम संपला. पुन्हा हार. तेव्हा त्याच्याजवळ इमॅन्युएल स्टुअर्ड हा वस्ताद नुकताच आला होता. बाबा, हा माणूस तुम्हाला आवडला असता. त्याच्या पट्ठ्यानं, मॅकॉलनं, १९९४ मध्ये लेनॉक्स लुईसला पाडलं, तर लुईस उठून त्याच्याचकडे शिकायला गेला! ज्या हातानं पाडलं, त्याच हाताखाली. मॅकॉलशी पुन्हा जोड लागली ती १९९७ मध्ये, मधे चार लढती झाल्यावर. क्लिच्कोलाही आधी दोन लढती दिल्या आणि मग सप्टेंबर २००५ मध्ये सॅम्युएल पीटर. पीटरच्या तोवर चोवीस लढती, चोवीस विजय, त्यातले एकवीस नॉकआउट. क्लिच्को तीनदा खाली गेला आणि तीनदा उठून गुणांवर जिंकला. पुढच्याच लढतीत पट्टा मिळाला तो २०१५ पर्यंत कुणाला सुटला नाही.

आणि तुमचा डाग धुण्याचा मुद्दा. जो लुईसला १९३६ मध्ये श्मेलिंगनं बाराव्या फेरीत पाडलं. श्मेलिंगनं आधीच हेरलं होतं की जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, मारल्यावर लुईसचा डावा हात खाली येतो. दोनच महिन्यांत लुईस परत रिंगणात आला, पण समोर होता माजी विजेता शार्की, कारकिर्दीच्या अखेरीला आलेला. श्मेलिंगशी पुन्हा गाठ पडली ती १९३८ मध्ये, बरोबर दोन वर्षं आणि तीन दिवसांनी. १२४ सेकंदांत संपली. डाग धुतला, पण हात वर ठेवायला शिकल्यावर.

मला विचाराल तर जोशुआला आज डुबॉइस नको आणि फ्युरीही नको. हर्गोविचसारखा कुणी द्यावा, ज्याचा उजवा सरळ आणि कडक येतो, पण हात डुबॉइसइतके घातक नाहीत. चुकला तर मार बसेल, पण शिकायला वेळ उरेल.

आई, तू मागून ओरडलीस ते निरोपात ऐकू आलं, "त्याच्या आईला विचारलं का?" तुझा प्रश्न सगळ्यांत मोठा आहे. इथे बेशुद्ध होऊन हरलेल्याला ठरावीक दिवस रिंगणात पाऊल टाकू देत नाहीत, दरवर्षी मेंदूचा एमआरआय लागतो. पण कागदावर मेंदू ठीक दिसणं वेगळं आणि समोर उजवा हात हलला की डोळे मिटणं वेगळं. ते मी क्लबात रोज बघते. हरून आलेलं पोरगं आधी डोळे मिटायला लागतं. ते फक्त त्याला आणि जवळ उभ्या माणसाला कळतं. जोशुआ पस्तिशीला आलाय. पुन्हा लढायचं की नाही हे आधी त्यानं म्हणावं, मग जोड.

बाबा, आता जे लिहायला इतका वेळ घेतला ते.

दादा यात्रेच्या फडात हरला त्या वर्षी मी तालमीच्या पायरीवर बसलेली होते. मुलगी म्हणून आत यायला नव्हतं, पण पायरीवरून सगळं ऐकू यायचं. लोक तुम्हाला बोलले, वस्तादाचा पोरगा चितपट झाला म्हणून. पंधरा दिवसांत तुम्ही त्याची कुस्ती दहा किलोनं जड पैलवानाशी लावलीत. दादाचा खांदा निखळला. तो पुन्हा हौद्यात उतरला नाही, आणि तुम्ही दोघं त्यावर कधी बोलला नाहीत. ती जोड दादासाठी नव्हती बाबा, गावासाठी होती. तुम्हाला दुखवायला लिहीत नाही. तुमच्याइतकी जोड ओळखणारा माणूस मी पाहिला नाही, म्हणूनच ती एक चूक इतकी सलते.

चिन्या नागपंचमीला एकेरी पटावर, म्हणजे एक पाय धरून ओढल्यावर, हरला. दादानं मला व्हिडिओ पाठवला, मी हळू करून पाहिला. डावा पाय पुढे राहतो आणि हात गुडघ्याच्या वर राहतात. पाडव्याच्या मैदानात त्याच पोराशी पुन्हा लावायचं तुमच्या मनात आहे, असं वहिनी म्हणाली. नका लावू. तालमीत पटावर जाणारा, त्याच्याहून हलका कुणी असेल, त्याच्याशी रोज धरू दे. डावा पाय मागे यायला लागला की मग मैदान. आणि एकदा दोघंच असताना त्याला विचारा, लढायचंय का. तो तुमच्यासमोर "हो" म्हणेलच, म्हणून विचारून झाल्यावर थोडा वेळ गप्प बसा.

पोस्टर दसऱ्यानंतर छापायला जातं ना? त्यावर चिन्याचं नाव कुणासमोर घालायचं हे ठरायच्या आधी मला फोन करा. रात्री कितीही उशीर होऊ दे, मी जागी असते.

आईच्या गोळ्यांची पाकिटं निळ्या डब्यात तारखेप्रमाणे लावून ठेवा.

तुमची,
सुमी