अर्धं मेणकापड

मावशी, राम कृष्ण हरी.

तुम्हाला वाचता येत नाही, पण नातवाच्या मोबाइलवर कीर्तनं ऐकता, हे तुम्हीच सांगितलं होतंत. तो वाचून दाखवेल या आशेवर लिहितेय. परभणीकडच्या, एवढंच मला माहीत. नाव विचारायचं राहिलं. दिंडीत सगळ्याच माउली.

खूण सांगते. पुण्याहून सासवडला निघालो त्या एकादशीला दिवे घाटात सर आली. एक मास्तरीणबाई पोटाशी पिशवी धरून रस्त्याकडेला बसून भिजत होती, ती मी. तुम्ही मागे वळलात, डोक्यावरचं मेणकापड दातानं फाडलंत आणि अर्धं माझ्या डोक्यावर टाकलंत. मी ते काढून पिशवीला गुंडाळलं.

"सोनं हाय का बाई त्यात?"

सोनं नव्हतं. पतसंस्थेच्या ठेवपावत्या होत्या. निवृत्तीचे सगळे पैसे मी तिथे टाकले होते. बँकेपेक्षा दीड टक्का व्याज जास्त आणि चेअरमन ओळखीचे. शटर खाली आल्यावर कळलं की बँक बुडाली तर 5 लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा असतो, पतसंस्थेला तेवढाही नाही. तीस वर्षं पोरांना सरळव्याज शिकवलं मी! घरी ठेवायची भीती वाटायची म्हणून त्या पावत्या वारीतही बरोबर. रात्री उशाखाली.

सासवडला राहुटीत तुम्ही माझे पाय चेपलेत. वयानं मोठ्या बाईकडून पाय चेपून घेताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण तुम्ही ऐकेनात. तेव्हा सगळं सांगून टाकलं. पैसे सुटले तर विठ्ठलाला अभिषेक आणि गावजेवण, हा नवसही सांगितला. तुम्ही खुदकन हसलात.

"म्हंजे त्यालाबी व्याज लावलंस व्हय?"

मला राग आला होता, आज कबूल करते. म्हणून खोचून विचारलं, तुमचं काय? तुम्ही म्हणालात, सोयाबीन पेरून आलेय, पाऊस झाला तर उगवंल, न्हाई तर दुबार. मागची दोन वर्षं हातात काही आलं नव्हतं. मग पांडुरंगानं काय केलं, असं मी विचारलं, तर तुम्ही माझ्याकडं असं पाहिलंत, जसं मी वर्गातल्या ढ पोराकडं पाहायची. "काय करावं त्यानं? मी कुटं सौदा केलता? दोन्ही साली वारीला आले की."

आणि मग तुकोबांचं. दुष्काळानंतर त्यांनी आपल्या वाटणीची खतं इंद्रायणीत बुडवली, ही गोष्ट मी चौथीच्या वर्गाला दरवर्षी रंगवून सांगायची. लोकांकडून येणं होतं, त्याचेच कागद ते. म्हणजे माझ्या पावत्यांसारखेच! तुम्ही एका वाक्यात लावून दिलंत: "त्यांनी बुडिवली, तू कोरडी ठिवतीस, आन् सोता भिजतीस."

पण फेकून दे असं तुम्ही म्हणाला नाहीत, याचे आभार सगळ्यात जास्त. तक्रार कर, तारखेला जा, कष्टाचा पैसा सोडू नको, पर उशाला घेऊ नको, एवढंच. पिशवी उचललीत आणि दिंडीच्या ट्रकमध्ये तांदळाच्या पोत्यांमागे ठेवून आलात. त्या रात्री मी पहाटेच्या काकड्यापर्यंत झोपले. शटर पडल्यापासून अशी झोप लागली नव्हती.

पैसे अजून मिळालेले नाहीत. सहकार खात्याच्या तारखा चालू आहेत, मी जाते, भांडते, येताना एसटी स्टँडवर चहा पिते. नवस मागे घेतला. असा घेता येतो की नाही, कुणाला विचारलं नाही.

तुमचं सोयाबीन उगवलं का, ते मात्र मनातून जात नाही.

यंदाची दिंडीची भिशी भरलीय. तुमचं अर्धं मेणकापड धुऊन घडी करून ठेवलंय, सोबत एक नवं आख्खं घेतलंय. घाट चढताना मागे बघत राहा.

तुमची,
दिवे घाटातली बाई