निधीआधी निदान हवं

दुर्मीळ आजारांच्या निधीवरचा तुमचा लेख वाचला, पटला, पण त्यात एक गोष्ट राहून गेली. केंद्राच्या योजनेत 2022 पासून 50 लाखांपर्यंत मदत मिळते हे खरं, पण ती निदान झाल्यावर. माझ्या भाच्याच्या बाळाला दूध पिताना इतका घाम यायचा की टोपडं भिजायचं, दोन घोट घेतले की धाप, मान धरत नव्हतं, आणि आम्हाला सगळे सांगत राहिले की कफ आहे, वाफ द्या. एक्स-रेमध्ये हृदय मोठं दिसलं तेव्हा ते पाच महिन्यांचं झालेलं. पॉम्पे हा दुर्मीळ आजार निघाला. यात ग्लायकोजेन, म्हणजे शरीरात साठवलेली साखर, फोडणारं एन्झाइमच नसतं, मग ते ग्लायकोजेन हृदयाच्या स्नायूत साठत जातं, आणि उपचार नसतील तर बहुतेक बाळं वर्षही काढत नाहीत. एन्झाइमचं औषध 2006 पासून आहे, पण ते जितकं लवकर सुरू होईल तितका उपयोग. पहिली तपासणी म्हणजे टाचेतून रक्ताचे चार थेंब कागदावर, बस. लुळं बाळ आणि मोठं हृदय एकत्र दिसलं की ही टेस्ट तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातूनच पाठवायची सोय करा, मुंबईच्या केईएम रुग्णालयासारख्या केंद्रापर्यंत पोचायची वाट कशाला बघायची?

– एक वाचक, सातारा