बॅटरी कामगारांच्या रक्ततपासणीसाठी मदत हवी आहे (सातपूर-अंबड)

नमस्कार मंडळी, एरवी आपलं मंडळ गणपतीची वर्गणी मागायला येतं, या वेळी वेगळ्या कामासाठी मागतोय. विषय चारचौघांत बोलायला लोक कचरतात असा आहे, तरी प्लीज पूर्ण वाचा.

सातपूर-अंबडकडे जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवायच्या छोट्या शेड आहेत, तिथं आपल्याच गल्लीतली पोरं कामाला जातात. माझा मावसभाऊ आठ वर्षं तेच करतोय. लग्नाला पाच वर्षं झाली, मूल नाही. वहिनीच्या सगळ्या टेस्ट झाल्या, सोनोग्राफ्या झाल्या, सप्तशृंगीला नवस बोलून झाला, आणि ह्याची साधी वीर्यतपासणी कुणी केली नव्हती, कारण दोष पुरुषात असेल हे घरात कुणाच्या डोक्यातच आलं नाही. त्या बाईनं पाच वर्षं काय काय ऐकून घेतलं ते मी बघितलंय. शेवटी एका डॉक्टरांनी आधी विचारलं, काम काय करता? मग तपासणी झाली, काउंट कमी, शुक्राणूंची हालचाल मंद आणि रक्तात शिसं 46 मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर. 5 च्या वर गेलं तरी शिसं कुठून येतंय ते शोधून थांबवा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. डॉक्टर म्हणाले शिसं हेच एकमेव कारण असेल असं नाही, पण 40 च्या वर गेलं की शुक्राणूंवर परिणाम होतो हे अभ्यासांतून दिसलंय, म्हणून आधी ते काम थांबवा.

थांबवलं तर फरक पडू शकतो हे महत्त्वाचं. नवे शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, रक्तातलं शिसंही महिन्याभरात बरंच उतरतं, हाडात बसलेलं मात्र वर्षानुवर्षं राहतं, म्हणून जेवढ्या लवकर कळेल तेवढं बरं.

अजून एक, लाजेपोटी पोरं गुपचूप कुणाकडून तरी ताकदीच्या पुड्या आणतात. त्यात नागभस्म असू शकतं, आणि नाग म्हणजे शिसंच, म्हणजे आजार तोच आणि औषधही तेच! डॉक्टरांना दाखवल्याशिवाय काही घेऊ नका रे.

मी शेडवर जाऊन बघितलं तर तोंडाला नुसता रुमाल, नखांत राखाडी भुकटी, त्याच हातानं चहा नि वडापाव. संध्याकाळी त्याच शर्टावर घरी जाऊन पोराला उचलून घेतात, म्हणजे ती धूळ लेकरांच्या पोटात, आणि लहान मुलांच्या मेंदूला तर ती आणखी वाईट.

सध्या 38 जण तपासणीला तयार झालेत. लॅबनं एका टेस्टचे 1,100 रुपये सांगितलेत, म्हणजे 41,800. ज्यांचं शिसं जास्त निघेल त्यांची वीर्यतपासणी, शिवाय फिल्टरचे मास्क, असं धरून 75,000 लागतील, त्यातले 19,500 जमलेत. नावं आणि रिपोर्ट कुणालाही दाखवणार नाही, मालकालाही नाही.

पैसे नसतील तर चालू स्थितीतलं जुनं वॉशिंग मशीन द्या, कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुवायला नकोत म्हणून. जुने शर्ट-पॅन्टही चालतील, फक्त फाटके नकोत. कुणी डॉक्टर एखाद्या रविवारी दोन तास देऊ शकत असतील तर फार बरं होईल.

मंडळाच्या ऑफिसात रोज संध्याकाळी 7 ते 9 कुणीतरी असतंच, पावती लगेच मिळेल. आणि तपासणी करायची असेल पण समोर यायला अवघड वाटत असेल तर वहिनींना, आईला पाठवा, त्यांच्याशी बोलायला आमच्या दोन ताई तिथं बसतात.